मुंबईच्या समुद्रात सुरुंग पेरणारे जर्मन ‘वुल्फ’ ४५१ दिवस सापडले का नाही?

नागपूर, डिजिटल डेस्क : २३ जून १९१७. लंडनहून निघालेले ‘मंगोलिया’ हे पी अँड ओ कंपनीचे प्रवासी जहाज मुंबईपासून अवघ्या ५० मैलांवर आले होते. तेवढ्यात जहाजाखाली स्फोट झाला आणि थोड्याच वेळात ते बुडाले. वीसहून अधिक जणांचा जीव गेला. आसपास शत्रूची एकही युद्धनौका नव्हती. मग हल्ला केला कोणी?

सुरुंग पेरले कोणी?

त्याचे उत्तर चार महिने आधीच्या एका रात्रीत आहे. फेब्रुवारी १९१७ मध्ये ‘वुल्फ’ हे जर्मन जहाज अंधारात मुंबईच्या सागरी मार्गावर आले, पाण्याखाली सुरुंग सोडले आणि निघून गेले. त्याआधी त्याने दक्षिण आफ्रिका आणि कोलंबोजवळही हेच केले होते. दक्षिण आफ्रिकेजवळ बुडालेल्या ब्रिटिश मालवाहू जहाजांपैकी एकाचे नाव होते ‘माथेरान’.

हे जहाज होते तरी कसे?

जर्मन युद्धनौका म्हटले की विनाशिका किंवा १९१४ मध्ये मद्रासवर तोफा डागणारी ‘एम्डेन’ आठवते. ‘वुल्फ’ त्यातले नव्हते. ते मूळचे ‘वाख्टफेल्स’ नावाचे साधे मालवाहू जहाज होते. ब्रेमेनच्या हान्सा कंपनीने ते १९१३ मध्ये बांधून घेतले. युद्धकाळात नौदलाने त्यावर तोफा, टॉर्पेडो आणि साडेचारशेहून अधिक सुरुंग चढवले. वेग मात्र जेमतेम ताशी २० किलोमीटर. त्या काळातील विनाशिका याच्या दुपटीहून अधिक वेगाने धावत. त्यामुळे समोरासमोरच्या लढाईत ‘वुल्फ’चा निभाव लागणे कठीण होते.

मग ते सापडले का नाही?

कारण ते युद्धनौका वाटतच नव्हते. तोफा खोट्या भिंतींआड झाकलेल्या होत्या. धुराडे आणि डोलकाठ्यांची उंची कमी-जास्त करता येत असे. त्यामुळे लांबून पाहणाऱ्याला दर वेळी वेगळेच जहाज दिसे. कप्तान कार्ल नेर्गर याने वायरलेसवर बोलणे टाळले. फक्त इतरांचे ऐकायचे, हा नियम. ऑगस्ट १९१७ मध्ये ‘मातुंगा’ या जहाजाने आपल्या मालाची माहिती सांकेतिक भाषेऐवजी उघड संदेशात दिली. ती ऐकून ‘वुल्फ’ने त्याला वाटेतच गाठले.

जहाजावर ‘वुल्फशेन’ नावाचे छोटे सागरी विमानही होते. आकाशातून आधी शोध घ्यायचा, मग जहाज अडवायचे. कोळसा आणि अन्न पकडलेल्या जहाजांतूनच मिळे. त्यामुळे बंदरात जाण्याची गरज पडली नाही.

सुरुंग फुटतो कसा?

लोखंडी गोळ्यात स्फोटके भरलेली असतात. खाली नांगर, वर पाण्यात तरंगता गोळा आणि मध्ये तार. तारेची लांबी अशी ठेवतात की गोळा पृष्ठभागाच्या थोडा खाली राहतो. त्यावर शिसाची शिंगे असतात. जहाज आदळले की शिंग वाकते, आतली काचेची नळी फुटते आणि तिच्यातील आम्ल बॅटरीत उतरते. वीज तयार होते आणि स्फोट होतो. म्हणजे आदळेपर्यंत सुरुंग महिनोन् महिने वाट पाहू शकतो. समोर लष्करी जहाज आहे की प्रवासी, हे त्याला कळत नाही.

कायदा नव्हता का?

होता. १९०७ च्या हेग करारानुसार केवळ व्यापारी वाहतूक अडवण्यासाठी शत्रूच्या किनाऱ्यावर सुरुंग पेरण्यास मनाई होती. पण शब्द होता ‘केवळ’. दुसरा एखादा हेतू सांगितला की पळवाट तयार. शिवाय जर्मनीने हे कलम मान्यच केले नव्हते.

ब्रिटिशांना माहीत होते का?

हो, आणि ते मार्च १९१७ पासूनच. ‘वुल्फ’ने पकडलेल्या ‘टुरिटेला’ या जहाजातून जर्मनांनी एडनजवळ सुरुंग पेरले, पण ब्रिटिश गस्तीनौकेने त्याला गाठले. जर्मनांनी जहाज बुडवले, तरी त्यावरील लोक हाती लागले आणि ‘वुल्फ’चे बिंग फुटले. सामान्य लोकांना मात्र हे सांगितले गेले नाही. जुलैमध्ये ऑस्ट्रेलियाजवळ ‘कम्बरलँड’ सुरुंगावर आदळले, तेव्हा जहाजातच बॉम्ब ठेवल्याचा निष्कर्ष काढला गेला. संशय आपल्याच लोकांवर गेला.

किंमत कोणी मोजली?

‘वुल्फ’ २४ फेब्रुवारी १९१८ रोजी कील बंदरात परतले. प्रवास ४५१ दिवसांचा आणि ६४ हजार सागरी मैलांचा, म्हणजे पृथ्वीला जवळपास तीन प्रदक्षिणा. त्याने १४ जहाजे पकडली होती आणि चारशेहून अधिक कैदी सोबत आणले. सुरुंगांनी आणखी सुमारे डझनभर जहाजे बुडवली. ते घरी पोहोचल्यानंतरही सुरुंग शांत झाले नाहीत. जून १९१८ मध्ये न्यूझीलंडजवळ ‘विमेरा’ बुडाले आणि २६ जण मरण पावले. युद्धानंतर ‘वुल्फ’ फ्रान्सला मिळाले आणि १९३१ मध्ये भंगारात निघाले.

पी अँड ओसारख्या कंपन्यांच्या जहाजांवर तेव्हा कोकण आणि गोव्यातील खलाशी मोठ्या संख्येने असत. डेकवर, भट्टीपाशी, स्वयंपाकघरात राबणाऱ्या या माणसांच्या हाती शस्त्र नव्हते. नागपूरसह मध्य प्रांताची विलायती डाक मुंबईत उतरून रेल्वेने येई, तीही अशाच जहाजांतून.

मुंबईत मशीद बंदर परिसरातील इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात मरण पावलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचे स्मारक आहे. त्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर नाही. पुढच्या मुंबई फेरीत तिकडे जरूर डोकावा.