कपाटातली लायका

मंडळी, वस्तू आणि स्मृती यांचं नातं समजून घ्यायला आज आपण एकच वस्तू घेऊ. १९५७ नंतर सोव्हिएत घरांमधून एक कुत्री दिसू लागली. कुठे चिनीमातीची, कपाटात मांडलेली. कुठे सिगारेटच्या डबीवर, कुठे घड्याळावर. ही लायका.

खरी लायका मॉस्कोच्या रस्त्यावरची भटकी कुत्री, वजन साधारण ६ किलो. ३ नोव्हेंबर १९५७ ला स्पुटनिक-२ मधून ती गेली आणि पृथ्वीभोवती फिरणारा पहिला प्राणी ठरली. त्या यानात परतीची सोयच केलेली नव्हती. आत उष्णता वाढून ती काही तासांतच मेली, हे मात्र जगाला कळलं २००२ मध्ये. तिचा देह घेऊन यान एप्रिल १९५८ पर्यंत फिरत राहिलं आणि शेवटी वातावरणात जळून गेलं.

आता बघा, आम्ही आत्ताच म्हणालो, 'ती गेली.' या वाक्याचा कर्ता कोण? लायका. जणू तिनेच ठरवलं! खरं वाक्य आहे, 'तिला पाठवलं.' आणि पाठवणारा कोण, हे त्यातही सांगायचं राहिलंच. मराठीत 'गेली' म्हणजे 'वारली' असंही होतं. शोभेची वस्तू पहिला अर्थ मांडते, दुसरा झाकते.

ऑगस्ट १९६० मध्ये बेल्का आणि स्त्रेल्का या कुत्र्या अवकाशात जाऊन जिवंत परतल्या. त्यांच्याही मूर्ती निघाल्या. कपाटात पाहा: परतलेल्या आणि परत न आणायची ठरवलेली, सगळ्या सारख्याच गोजिरवाण्या.

चौकातलं स्मारक सरकार उभारतं. त्याची जबाबदारी आपण सरकारवर ढकलू शकतो. घरातली मूर्ती आपण पैसे मोजून आणतो, तिच्यावरची धूळ आपणच पुसतो. म्हणजे त्या विसरण्यात आपलाही वाटा आला, नाही का?

या मोहिमेतले एक शास्त्रज्ञ ओलेग गाझेन्को यांनी १९९८ मध्ये जाहीर खेद व्यक्त केला. तिच्या मरणाचं समर्थन व्हावं इतकं त्यातून आपण शिकलो नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग मूर्ती फेकून द्यायची का? आम्हाला तसं वाटत नाही. ती राहू द्यावी. नातवंडांनी विचारलं, 'ही कोण?', तर उत्तर देताना क्रियापद तेवढं नीट निवडावं.