मंत्रचळ : सावधगिरी नव्हे, व्याधी

पेढीचे कुलूप एकदा ओढून पाहणे ही व्यापाऱ्याची सावधगिरी होय. परंतु त्याच कुलपासाठी घरून वारंवार परतावे लागत असेल, जुळलेला रोजमेळ पुनःपुन्हा तपासावा लागत असेल, किंवा गाळलेले पाणीही शंकेने पुनःपुन्हा गाळले जात असेल, तर तो मंत्रचळ, म्हणजे ओ.सी.डी. हा विकार असू शकतो. नकोसा विचार हटत नाही, कृतीवाचून चैन पडत नाही आणि त्यात दिवसाचा तासाहून अधिक वेळ जातो किंवा कामकाज अडते, ही त्याची ओळख.

हा हट्ट नव्हे, की श्रद्धेची उणीवही नव्हे. मनोविकारतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाने भीतीस पायरीपायरीने सामोरे जाऊन ती कृती टाळण्याचा सराव आणि फ्लुओक्झेटिनसारखी औषधे हे सिद्ध उपाय आहेत. औषधाचा गुण दिसण्यास ८ ते १२ आठवडे लागू शकतात. ते मध्येच सोडू नये.

घरच्यांनी रागावू नये, तशीच ‘कुलूप लागले आहे’ अशी ग्वाहीही वारंवार देऊ नये. क्षणिक समाधानाने शंका बळावते. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी-सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

हिशेबातील चूक वेळीच दाखविणाऱ्या मुनिमास आपण हितकर्ता मानतो. मनाचे दुखणे वेळीच ओळखणाऱ्या आप्तासही तसेच मानावे.