छपरावरून विमानतळाकडे : शहरी हेलिकॉप्टर सेवेची पहिली तीस वर्षं

आज आपण एका अशा प्रवासी सेवेबद्दल बोलणार आहोत, जी लोकांना आवडली, वेळही वाचवत होती, आणि तरीही टिकली नाही. का टिकली नाही, हे समजून घेणं हा आजचा खरा विषय.

दुसऱ्या महायुद्धानंतर विमानं मोठी झाली, धावपट्ट्या लांबल्या आणि विमानतळ शहरापासून दूर गेले. तासाभराच्या उड्डाणासाठी रस्त्यावर तासभर घालवायचा, ही तक्रार तेव्हाचीच. हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही. मग त्यानेच शहर आणि विमानतळ जोडले तर?

सुरुवात मात्र माणसांपासून नाही, टपालापासून झाली. १ ऑक्टोबर १९४७ रोजी लॉस एंजेलिस एअरवेजने सिकॉर्स्की एस-५१ हेलिकॉप्टरने टपाल न्यायला सुरुवात केली. यात शहाणपण होतं. थैल्या घाबरत नाहीत, उशीर झाला तर भांडत नाहीत, आणि वैमानिकांना शहरावरून उडायचा सराव होतो. ब्रिटनमध्ये जून १९५० मध्ये लिव्हरपूल-कार्डिफ अशी नियमित प्रवासी सेवा सुरू झाली, पण ती वर्षभरही चालली नाही. जुलै १९५३ मध्ये न्यूयॉर्क एअरवेजने तिथल्या विमानतळांदरम्यान प्रवासी न्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेल्जियमच्या साबेनाने ब्रुसेल्सहून शेजारच्या देशांतल्या शहरांपर्यंत सेवा नेली. पुढे लॉस एंजेलिस आणि शिकागो इथेही प्रवासी वाहतूक सुरू झाली.

आता हिशोब बघूया. विमान पुढे धावतं आणि त्याचे पंख त्याला उचलून धरतात. हेलिकॉप्टरला पुढे जायचं कामही इंजिनाचंच, आणि हवेत तरंगत राहायचं कामही इंजिनाचंच. म्हणून दर प्रवाशामागे इंधन जास्त. फिरणारे भाग पुष्कळ, आणि त्यांतले बरेचसे ठरावीक तास चालले की बदलावेच लागतात. त्यात सुरुवातीच्या एस-५५ मध्ये प्रवासी सात-आठच. भाडं परवडेल इतकं ठेवलं तर खर्च निघत नाही. खर्च निघेल इतकं ठेवलं तर प्रवासी टॅक्सी पकडतात.

मग हे चाललं कसं? सरकारी अनुदानावर. न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिस, तिन्ही ठिकाणच्या कंपन्यांचा तोटा अमेरिकेचं केंद्र सरकार भरून काढत होतं. म्हणजे जो माणूस आयुष्यात कधी हेलिकॉप्टरमध्ये बसणार नव्हता, त्याच्या कराचा वाटाही त्या तिकिटात होता. १९६२ च्या सुमारास टर्बाइन इंजिनांची, पंचवीसच्या आसपास प्रवासी नेणारी हेलिकॉप्टरं आली. आता गणित जुळेल अशी आशा वाटली. पण १९६५ मध्ये अनुदान बंद झालं आणि त्याच वर्षाच्या शेवटी शिकागोची नियमित सेवा थांबली. न्यूयॉर्कची तगली, ती मोठ्या विमान कंपन्यांनी हात दिला म्हणून.

गंमत बघा, नेमक्या त्याच डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या ५९ मजली पॅन अ‍ॅम इमारतीच्या छपरावरून उड्डाणं सुरू झाली. लिफ्टने वर जा, हेलिकॉप्टरमध्ये बसा, थोड्या मिनिटांत केनेडी विमानतळ! पण आर्थिक गणित जमेना, आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये ही सेवा बंद झाली. त्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये मे आणि ऑगस्ट महिन्यांत एस-६१ जातीची दोन हेलिकॉप्टरं कोसळली. मिळून ४४ माणसं गेली. ती कंपनी त्यातून सावरली नाही.

पॅन अ‍ॅमचं छप्पर १९७७ च्या फेब्रुवारीत पुन्हा सुरू झालं. १६ मे रोजी छपरावर उभ्या हेलिकॉप्टरमध्ये प्रवासी चढत होते, वरची पाती फिरत होती. धातूच्या थकव्यामुळे चाकाकडचा एक जोड तुटला आणि हेलिकॉप्टर कलंडलं. छपरावर झालेल्या दुखापतींनी चार जण दगावले. पात्याचा एक तुकडा खाली रस्त्यावर पडला आणि चालत जाणारी एक स्त्री मृत्युमुखी पडली. छप्पर कायमचं बंद झालं. १९७९ मध्ये आणखी एका अपघातानंतर न्यूयॉर्क एअरवेजही संपली.

त्या पादचारी स्त्रीचा विचार आपण करायला हवा. प्रवासी निदान स्वतःच्या मर्जीने धोका पत्करतो. तिने तिकीट काढलं नव्हतं, तिचा वेळही कुणी वाचवत नव्हतं. शहरावरून उडणाऱ्या सेवेचा खर्च फक्त तिकिटात मावत नाही; आवाज आणि धोका खालच्या लोकांच्या वाट्याला येतो.

आज विजेवर चालणाऱ्या हवाई टॅक्सीची चर्चा आहे. आवाज कमी होईल, इंधन स्वस्त पडेल, असं सांगितलं जातं. होईलही. पण ती आपल्या शहरात आली, तर तिकिटाची किंमत विचारण्याआधी दोन गोष्टी विचारूया : तोटा कोण भरणार, आणि खाली कोण राहतं?

इथे थांबूया. आता तुमचे प्रश्न घेऊ.