नमुना काढला म्हणून गोदाम रिकामं होत नाही

मार्चअखेरच्या धामधुमीत सोलापुरातल्या एका ओळखीच्या चादरवाल्या काकांचा फोन आला. "सर, नातवानं टॅली उडवलं की! वर्षाचा हिशोब गेला." जाऊन पाहिलं. चौथीतल्या नातवानं पडद्यावरचं टॅलीचं चित्र उचलून कचऱ्याच्या डब्यात, म्हणजे रिसायकल बिनमध्ये, टाकलं होतं. स्टार्टमध्ये 'टॅली' टाइप केलं, प्रोग्राम उघडला, खाती जागच्या जागी. काकांनी विक्रीच्याच टेरी टॉवेलनं घाम पुसला.

मग मी त्यांना त्यांचंच दुकान दाखवलं. दर्शनी भागात एक चादर लटकवलेली असते. तो नमुना. गठ्ठे माळ्यावर. नमुना उतरवला तर गिऱ्हाइकाला दिसणार नाही, पण माळ्यावरचा माल हलत नाही. ज्या चित्राच्या डाव्या कोपऱ्यात खाली छोटा वळणदार बाण असतो, तो शॉर्टकट, म्हणजे असा नमुना. त्यात मूळ वस्तू कुठं ठेवली आहे एवढाच पत्ता असतो. म्हणून तो काढल्यानं प्रोग्राम जात नाही. प्रोग्राम खरोखर काढायचा तर सेटिंग्जमधल्या 'ॲप्स'मध्ये जाऊन 'अनइन्स्टॉल' करावं लागतं. एका वस्तूचे चार शॉर्टकटही चालतात. सात रस्त्याला कुठल्याही बाजूनं आलात तरी चौक एकच.

"डेस्कटॉपवरचं काहीही काढा, मूळ कुठंतरी असतंच"

हा गैरसमज पहिल्यापेक्षा घातक, आणि काकांच्या बाबतीत तो माझ्याच शिकवणीतून निघाला. आठवड्यानं त्यांनी बेधडक डेस्कटॉप झाडून घेतला. त्यात 'उधारी' नावाची एक्सेलची फाइलही गेली. तिच्या कोपऱ्यात बाण नव्हता. तो नमुना नव्हता, मालच होता, आणि एकच नग. रिसायकल बिनमध्ये सापडली, उजवी क्लिक करून 'रिस्टोअर' केली, वाचली. शिफ्ट दाबून डिलीट केली असती किंवा पेन ड्राइव्हवरून काढली असती, तर ती बिनमध्ये आलीच नसती.

डेस्कटॉप हे नुसतं पडद्यावरचं चित्र आहे असं वाटतं. प्रत्यक्षात तो सहसा सी ड्राइव्हमधला एक फोल्डर असतो. दुरुस्तीवाल्यानं सी ड्राइव्ह फॉरमॅट केला की त्यातल्या फाइलीही गेल्या. त्यामुळे फाइल डी ड्राइव्हमध्ये ठेवावी आणि डेस्कटॉपवर फक्त तिचा शॉर्टकट. तो करायला फाइलवर उजवी क्लिक, मग 'सेंड टू', त्यात डेस्कटॉप. विंडोज ११ मध्ये आधी 'शो मोअर ऑप्शन्स' दाबावं लागतं. पण डी ड्राइव्ह म्हणजे तिजोरी नव्हे. बऱ्याच घरी सी आणि डी एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्क बसली की दोन्ही बसले. उधारीची एक प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर हवीच.

बाणाच्या नियमाला अपवाद आहेत. 'धिस पीसी' आणि 'रिसायकल बिन' यांना बाण नसतो, पण 'धिस पीसी' डेस्कटॉपवरून गेला म्हणजे संगणक गेला असं नाही. 'पर्सनलाइज', 'थीम्स', 'डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज' या वाटेनं तो परत येतो.

"पेन ड्राइव्हवर घेतलंय की"

प्रोजेक्टची छपाई करायला आलेली मुलं हे ठामपणे सांगतात. पेन ड्राइव्ह उघडला तर आत बाणवाला शॉर्टकट. नमुन्यावरचा पत्ता तेवढा आणला, माल घरीच. ओळखायची खूण आकारात आहे: बहुतेक शॉर्टकट एक-दोन केबींचे असतात. पन्नास फोटोंचा प्रोजेक्ट एवढ्यात मावत नाही.

याच्या उलट प्रकारही घडतो. पेन ड्राइव्ह लावला आणि सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झाले! हा व्हायरस असतो. तो खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावांचे शॉर्टकट पुढं मांडतो. त्यावर क्लिक केलं की तोच चालू होतो. फाइली बहुतेकदा आत शाबूत असतात. क्लिक करू नका, घाबरून फॉरमॅट तर मुळीच करू नका. आधी अँटिव्हायरस चालवा, मग लपलेल्या फाइली दिसू द्या.

"रिफ्रेश मारलं की संगणक पळतो"

एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेली माणसंही रोज उजवी क्लिक करून चार-पाचदा 'रिफ्रेश' दाबतात. त्यानं फोल्डरातली यादी पुन्हा वाचली जाते आणि चित्रं पुन्हा काढली जातात, एवढंच. मेमरी मोकळी होत नाही, वेग वाढत नाही. नव्यानं ठेवलेली फाइल दिसत नसेल तेव्हा त्याचा उपयोग. वेग हवा असेल तर टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप' पाहा. संगणक सुरू होताच न बोलावता येऊन बसणारे प्रोग्राम तिथं सापडतात. डेस्कटॉपवर पन्नास चित्रं असली म्हणून संगणक दमत नाही, हवी ती फाइल शोधताना आपणच दमतो.

सगळी चित्रं एकदम गायब झाली तर मोकळ्या जागी उजवी क्लिक करून 'व्ह्यू'मध्ये 'शो डेस्कटॉप आयकॉन्स'ची खूण पाहावी. मांडलेली चित्रं आपोआप रांगेत जाऊन बसत असतील तर त्याच यादीतलं 'ऑटो अरेंज' काढावं.

पडद्याला टेबल मानून त्यावर कागद, फोल्डर मांडायची ही कल्पना बाजारात आणली ती झेरॉक्सनं, १९८१ साली, 'स्टार' नावाच्या संगणकातून. हो, तीच कंपनी, जिच्या नावानं आपण आधार कार्डाची प्रत काढतो. शॉर्टकट घरोघरी पोचला १९९५ च्या विंडोज ९५ मुळे.

काकांच्या डेस्कटॉपवर आता सहा चित्रं आहेत, पैकी पाच बाणवाली. सकाळी गल्ल्याला उदबत्ती ओवाळली की ते अजूनही तीनदा रिफ्रेश मारतात. मी काही बोलत नाही. त्यानं बिघडत तर काहीच नाही.