लेथसोबतचं पोतं उघडून बघा



गेल्या वर्षी आमच्या नायगावच्या गटातल्या एका ताईनं कर्ज काढून मुलासाठी जुना लेथ घेतला. पोरगं आयटीआयमधून टर्नर झालेलं. खरेदीला मीही होते. मशीन फिरलं, आम्ही पैसे मोजले आणि सोबतचं पोतं न उघडताच टेम्पोत टाकलं. घरी कळलं, निम्मं सामान दुसऱ्याच मशीनचं! काम सुरू व्हायच्या आधी हप्ता दारात. म्हणून आज त्या पोत्याबद्दल.

पहिला चक, म्हणजे लोखंड घट्ट धरणारा पंजा. तीन जबड्यांचा तो ट्रू चक. एका चावीनं तिन्ही जबडे सोबत सरकतात. गोल शाफ्ट त्यात धरतात. जबड्यांचे दोन संच मागा, त्यांवर १, २, ३ आकडे कोरलेले असतात. दुसऱ्या चकचा जबडा घातला, तर काम वाकडं फिरतं. चार जबड्यांचा तो डॉग चक. त्याचा प्रत्येक जबडा वेगळा सरकतो, म्हणून वेड्यावाकड्या आकाराचं काम त्यात बसतं. दोन्ही चक मशीनवर चढवून बघा.

खाचा असलेली जाड लोखंडी थाळी दिसली, तर भंगार समजू नका. ती फेस प्लेट. चकमध्ये न मावणारं काम तिच्यावर बोल्टनं आवळतात.

स्टेडी म्हणजे लांब शाफ्टचा टेकू. तीन बोटांची एका जागी बसते, दोन बोटांची हत्यारासोबत सरकते. दुसऱ्या मशीनची स्टेडी उंचीला जुळेलच असं नाही.

टोकदार सेंटर टेलस्टॉकमध्ये बसवून हलवा. डुगडुगलं तर ते त्याचं नाही.

शेवटी चेंज गिअर. आटे पाडताना हे लागतात. एका दाताला खडूची खूण करा आणि दात मोजा. इंचाच्या जुन्या मशीनवर मिलिमीटरचे आटे अचूक पाडायला १२७ दातांचा गिअर लागतो. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, त्याची पाचपट १२७.

एकेक वस्तू पावतीवर लिहून घ्या, मगच पैसे द्या. लग्नाला भांडी भाड्यानं देताना आपण वाटी-चमचासुद्धा मोजतो. मग कर्जाच्या पैशाचं पोतं बांधलेलंच का आणायचं?