डॉक्टरसाहेब, हे औषध लागेलच का?

रोपलावणीचे दिवस आले की घरोघरी सर्दी, खोकला आणि अंगदुखी सुरू होते. चार दिवस चिखलात वाकून काम करायचे, वरून पावसाची झड. मग घसा धरतो, अंग मोडून येते. बाजाराच्या दिवशी माणूस तालुक्याला जातो, दवाखान्याच्या बाकावर तासभर बसतो, दोन मिनिटांत तपासून घेतो आणि एक इंजेक्शन टोचून घेऊन, चार रंगांच्या गोळ्या खिशात घालून परत येतो. घरी कोणी विचारले, "यातली कोणती गोळी कशाची?" तर उत्तर मिळते, "कोणास ठाऊक! डॉक्टरांनी दिल्यात."

बियाणे घेताना आपण असे वागत नाही. वाण कोणता, किती दिवसांत येतो, शेजाऱ्याला उतारा किती पडला, हे विचारल्याशिवाय पिशवीला हात लावत नाही. मग पोटात घ्यायच्या औषधाबद्दलच आपण मुके का होतो? किरकोळ आजारात औषध घ्यावे की नाही आणि घ्यावे तर कोणते, हे डॉक्टर व रोगी दोघांनी मिळून ठरवायचे असते. ते कसे, याचा आज विचार करू.

किरकोळ आजार किती दिवस टिकतो?

प्रथम हे माहीत हवे, कारण पुष्कळशी औषधे केवळ उतावळेपणापायी घेतली जातात. इंग्लंडमध्ये २००८ साली डॉक्टरांसाठी एक मार्गदर्शिका निघाली. तीत या आजारांचे साधारण दिवस दिले आहेत. कानदुखी चार दिवस, घसादुखी एक आठवडा, सर्दी दीड आठवडा, सायनसचा त्रास अडीच आठवडे आणि खोकला तीन आठवडे. हे आजार बहुधा विषाणूंमुळे होतात आणि अंगच्या शक्तीने बरे होतात. अँटिबायोटिक औषधे जिवाणूंना मारतात. विषाणूंवर त्यांचा काही परिणाम होत नाही.

आता आपल्याकडे काय होते ते पाहा. खोकल्याच्या चौथ्या दिवशी माणूस एका डॉक्टरकडे जातो. आठव्या दिवशी "गुण नाही" म्हणून दुसऱ्याकडे जातो. पंधराव्या दिवशी तिसऱ्याकडे जातो आणि विसाव्या दिवशी खोकला थांबतो. यश तिसऱ्याच्या पदरात पडते, पैसे मात्र तिघांना गेलेले असतात. पानावर दोन ठिपके दिसताच पंप पाठीवर घेणाऱ्या शेतकऱ्यासारखेच हे आहे. पीक पुढे आपोआप सावरते आणि नाव औषधाचे होते.

दोघांच्या मनात काय असते?

डॉक्टरच्या मनात येते, "हा माणूस एवढ्या लांबून आला आहे. नुसता सल्ला देऊन पाठवला तर नाराज होईल आणि उद्या दुसऱ्याकडे जाईल." रोग्याच्या मनात येते, "डॉक्टरांनी एवढे लिहिले, म्हणजे आजार मोठाच असणार." दोघेही मनातले बोलत नाहीत आणि चिठ्ठी लांबत जाते. कधी कधी तर आपणच हट्ट धरतो, "डॉक्टर, एक सुई मारा," "अशक्तपणा आहे, सलाईन लावा." पाच टक्के ग्लुकोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. ज्याला तोंडाने पेज जाते, त्याला तेवढ्या साखरेसाठी शिरेत सुई टोचून घेण्याचे कारण नाही.

इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेतून चिठ्ठीवरची औषधे पुष्कळांना फुकट किंवा ठरावीक आकारात मिळतात. दुकानात सहज मिळणाऱ्या औषधांसाठीही लोक चिठ्ठी घेत. जून २०१७ पर्यंतच्या एका वर्षात अशा औषधांवर तेथील सरकारचे सुमारे ५६.९ कोटी पौंड खर्च झाले. म्हणून मार्च २०१८ मध्ये सूचना निघाली की सर्दी, कोंडा, साधी डोकेदुखी अशा ३५ किरकोळ तक्रारींसाठी डॉक्टरांनी सहसा चिठ्ठी देऊ नये. घरी काळजी कशी घ्यावी ते समजावून सांगावे. मात्र जुनाट दुखण्याचा रोगी किंवा स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस यांच्याबाबत डॉक्टरांनी स्वतः विचार करावा, अशी सवलतही ठेवली. नुसते "नाही" म्हणून रोग्याला परत पाठवले तर तो चिडतो. कारण सांगितले, किती दिवस लागतील ते सांगितले आणि परत केव्हा यायचे ते सांगितले, तर तो समाधानाने जातो.

तेथे प्रश्न सरकारच्या पैशाचा होता. आपल्याकडे खाजगी दवाखान्यातल्या गोळीचे पैसे आपल्याच खिशातून जातात. म्हणून विचारण्याचा हक्क आपल्याला अधिकच आहे.

विचारायचे पाच प्रश्न

१. मला काय झाले आहे आणि ते आपोआप किती दिवसांत बरे होईल?

२. हे औषध घेतले नाही तर काय होईल? काही दिवस थांबून पाहिले तर चालेल का?

३. यातली कोणती गोळी कशासाठी आहे? एखादी कमी करता येईल का? हेच औषध स्वस्तात, जनऔषधी केंद्रात मिळेल का?

४. मी आधीपासून घेत असलेल्या गोळ्यांबरोबर ही चालेल का?

५. कोणती लक्षणे दिसली तर मी लगेच परत यावे?

हे प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे. नम्रपणे विचारले तर चांगला डॉक्टर रागावत नाही. उलट समोरचा माणूस समजून घेणारा आहे हे पाहून त्याचेही ओझे हलके होते.

दुसऱ्या प्रश्नातून एक चांगली पद्धत निघाली आहे. डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात, पण सांगतात, "हे आज घेऊ नका. अमुक दिवसांत उतार पडला नाही किंवा त्रास वाढला तरच आणा." २०१७ साली अशा अकरा प्रयोगांची एकत्र तपासणी झाली. लगेच अँटिबायोटिक दिलेल्या शंभर लोकांपैकी त्र्याण्णव जणांनी ते घेतले. थांबून घ्यायला सांगितलेल्या शंभरांपैकी एकतीस जणांनाच ते घ्यावेसे वाटले. आणि रोग्यांचे समाधान दोन्हीकडे जवळपास सारखेच होते. ज्यांचे गाव दवाखान्यापासून लांब आहे त्यांना ही पद्धत सोयीची आहे. डॉक्टरांना तसे सुचवून पाहा.

आपण काय सांगायचे?

निर्णय दोघांचा, तर माहितीही दोघांनी द्यायला हवी. डॉक्टरला आपला आजार कळतो, पण आपले घर आणि आपले काम कळत नाही. म्हणून पुढील गोष्टी न विचारताही सांगाव्यात.

रक्तदाब, मधुमेह, दमा, मूत्रपिंडाचा विकार किंवा पोटात अल्सर आहे का? बाई गरोदर किंवा अंगावर पाजणारी आहे का? पूर्वी एखाद्या औषधाने पुरळ किंवा सूज आली होती का? दुकानातून किंवा वैदूकडून आधीच काय घेतले आहे? उद्या काय काम करायचे आहे? सर्दीच्या काही गोळ्यांनी गुंगी येते. ती खाऊन ट्रॅक्टरवर किंवा मळणीयंत्रापाशी गेले तर सर्दीपेक्षा मोठे संकट ओढवेल. आणि खिशात किती पैसे आहेत, हेही संकोच न करता सांगावे. अर्धीच औषधे विकत घेण्यापेक्षा कोणते अगदी जरुरीचे आहे ते विचारलेले बरे.

समजा, एक आई चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली आहे.

"डॉक्टरसाहेब, पोराला तीन दिवस खोकला आहे. खोकल्याची बाटली लिहून द्या."

"ताप आहे का? खातो-पितो का?"

"ताप नाही. खेळतो, पेज पितो. रात्री मात्र खोकतो."

"छाती स्वच्छ आहे, बाई. बाटलीने हा लवकर बरा होणार नाही. कोमट पाणी पाजा, निजताना चमचाभर मध द्या."

"मग औषध काहीच नको? सासूबाई म्हणतील, डॉक्टरांकडे जाऊन रिकाम्या हाताने आलीस."

"त्यांना सांगा, डॉक्टरांनी तपासले आहे. धाप लागली, ताप आला किंवा खाणे सोडले तर त्याच दिवशी घेऊन या."

या आईने सासूची अडचण बोलून दाखवली, म्हणून डॉक्टरला तिचे उत्तर देता आले. ती गप्प राहिली असती, तर बहुधा बाटलीच मिळाली असती.

बाटलीही निरुपद्रवी नसते. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या एका औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघाले. वीसहून अधिक लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. त्यांची सुरुवातीची तक्रार साधी सर्दी, खोकला, ताप एवढीच होती. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, आणि पाच वर्षांखालील मुलांना सहसा देऊ नयेत. मधही एक वर्षाखालील बाळाला देऊ नये.

दुकानातून घेताना

औषधाच्या पाकिटावर तांबडी उभी रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही. पुडीत बांधलेल्या सुट्या, बिननावाच्या गोळ्या घेऊ नका. अशा पुडीत कधी कधी स्टेरॉइड असते. त्याने दोन दिवस हुशारी वाटते, पण पुढे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात.

तापाला व अंगदुखीला पॅरासिटामॉल हे जुने आणि योग्य प्रमाणात घेतले तर सुरक्षित औषध आहे. मोठ्या माणसाने ५०० मिलिग्रॅमची एक किंवा गरज पडल्यास दोन गोळ्या घ्याव्यात. मध्ये चार ते सहा तास जाऊ द्यावेत. चोवीस तासांत आठ गोळ्यांच्या वर कधीही जाऊ नये. कृश माणसाने आणि दारू पिणाऱ्याने त्याहून कमी, तेही डॉक्टरांना विचारून. सर्दीच्या पुष्कळ गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, म्हणून दोन्ही एकदम घेतल्या तर मात्रा नकळत दुप्पट होते आणि यकृताला इजा पोचते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या दुखण्याच्या गोळ्या रोज खाऊन कामाला जाण्याची सवय लावू नका. त्यांनी पोटात व्रण होतात, आणि उन्हात घाम गाळणाऱ्याच्या मूत्रपिंडांवर ताण येतो.

जुलाबाचे उदाहरण

घरच्या माणसांच्या हाती उपचार दिला तर काय घडते, याचे मोठे उदाहरण आपल्याच देशात आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांच्या छावण्यांत पटकी पसरली. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे सलाईन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि ते रोग्यांना पाजण्याचे काम त्यांच्या नातेवाइकांकडे दिले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. तेच हे आजचे ओआरएस. मोठी पुडी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण विरघळवावी आणि ते पाणी चोवीस तासांच्या आत संपवावे. मुलांना त्याबरोबर झिंकच्या गोळ्या चौदा दिवस देतात. त्या आरोग्य केंद्रात मागून घ्या. साध्या जुलाबाला अँटिबायोटिक बहुधा लागत नाही.

हे किरकोळ समजू नका

थांबून पाहणे म्हणजे डोळे मिटून बसणे नव्हे. पुढीलपैकी काही दिसले तर घरगुती उपाय करीत बसू नका. तीन महिन्यांखालील बाळाला ताप येणे. मुलाचा श्वास जलद होणे, म्हणजे दोन महिने ते एक वर्षाच्या मुलात मिनिटाला ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलात ४० किंवा अधिक. छाती आत ओढली जाणे, झटके, सुस्ती, पाणीही न पिणे. शौचात किंवा थुंकीत रक्त. कान वाहणे. छातीत दुखणे. तीन दिवसांहून अधिक ताप. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर तो आपोआप थांबण्याची वाट न पाहता क्षयासाठी थुंकी तपासून घ्यावी. सरकारी केंद्रात ही तपासणी फुकट होते.

भातशेतीत काम करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. पावसाळ्यात ताप, पोटऱ्यांत ठणका आणि डोळे लाल असतील, तर तो लेप्टो असू शकतो. उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे तो शिरतो. येथे अँटिबायोटिक लागते आणि ते लवकर लागते. डॉक्टरांना आपणहून सांगा, "मी चिखलात काम करतो, पायाला जखम आहे." डेंग्यूचा संशय असेल तर पॅरासिटामॉलखेरीज दुखण्याची दुसरी गोळी घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो.

तर पुढच्या खेपेला दवाखान्यात जाताना जुन्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घाला, पाच प्रश्न मनात ठेवा आणि डॉक्टर लिहायला लागण्याआधी तोंड उघडा. चिठ्ठी आखूड झाली तर पैसे वाचतील. लांब झालीच, तर ती कशासाठी हे तुम्हाला नीट ठाऊक असेल, आणि मग ते औषध तुम्ही वेळेवर आणि पुरेही घ्याल.