हवेची साक्ष



"पूर्वीसारखा पाऊस आतां राहिला नाहीं," हें वाक्य आपण सर्वांनीं घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलें आहे. आणि त्यांनींहि तें आपल्या लहानपणीं ऐकलें असेल. माणसाची आठवण हें हवामानाचें माप नव्हे. महापूर आणि अवर्षण तेवढें मनांत राहतें. बेताचा पाऊस पडलेलीं वर्षें कोणाच्याच लक्षांत राहत नाहींत. म्हणून पृथ्वीचें हवामान पालटत आहे, आणि तेंहि मनुष्याच्या करणीमुळें, असें शास्त्रज्ञ सांगतात तेव्हां सुजाण मनुष्यानें त्यांना एक प्रश्न अवश्य विचारावा: हें कशावरून? त्या प्रश्नाचें उत्तर आज थोडक्यांत देण्याचा माझा विचार आहे.

आरंभींच एक आक्षेप दूर केला पाहिजे. ज्यांना पुढच्या पंधरवड्यांतील पाऊस नक्की सांगतां येत नाहीं, ते पुढच्या पन्नास वर्षांचें हवामान काय सांगणार, असें पुष्कळांना वाटतें. परंतु आज सायंकाळीं सर येईल कीं नाहीं हा हवेचा प्रश्न झाला. एखाद्या प्रदेशांतील तीसएक वर्षांची सरासरी म्हणजे हवामान. अमक्या दिवशीं घरांतील कोण किती जेवील हें गृहिणीला सांगतां येणार नाहीं. पण महिन्याला धान्य किती लागेल हें तिला पक्कें ठाऊक असतें. दोन्ही प्रश्न निराळे, आणि त्यांचीं उत्तरें काढण्याची रीतहि निराळी.

हवामानाचें मूळ सूत्र साधें आहे. सूर्यप्रकाशानें जमीन व समुद्र तापतात, आणि तापलेली पृथ्वी ती उष्णता अदृश्य किरणांच्या रूपानें पुन्हां आकाशांत सोडते. या किरणांना वाटेंत अडविणारें कांहींच नसतें, तर पृथ्वीचें सरासरी उष्णतामान शून्याखालीं सुमारें १८ अंश राहिलें असतें. प्रत्यक्षांत तें शून्यावर १५ अंशांच्या आसपास आहे. मग अडविणारा कोण? १८५६ सालीं अमेरिकेंत युनिस फूट या बाईंनीं कांचेच्या नळ्यांत निरनिराळे वायु भरून त्या उन्हांत ठेवल्या. त्यांत कार्बन डायऑक्साइडची, म्हणजे जुन्या पुस्तकांतील कर्बाम्लवायूची, नळी सर्वांत अधिक तापली आणि सावलींत नेल्यावर फार सावकाश निवली.

पुढें १८५९ पासून लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें जॉन टिंडॉल यांनीं याच विषयाचे अधिक काटेकोर प्रयोग केले. त्यांनीं एका पितळी नळीचीं दोन्ही तोंडें सैंधवाच्या तावदानांनीं बंद केलीं. कारण कांच उष्णताकिरणांना अडविते, सैंधव त्यांना जाऊं देतें. एका बाजूला उकळत्या पाण्याचें भांडें आणि दुसऱ्या बाजूला अतिसूक्ष्म फरक दाखविणारें विद्युत्-यंत्र ठेवलें. नळींत प्राणवायु किंवा नत्रवायु भरला असतां यंत्राचा कांटा जवळजवळ हालला नाहीं. पाण्याची वाफ वा कर्बाम्लवायु सोडतांच मात्र उष्णता मध्येंच अडली. कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग उष्णतेला मोकळी वाट देतो. उरलेल्या लेशमात्र वायूंचें पृथ्वीवर कांबळें आहे. कांबळें स्वतः ऊब निर्माण करीत नाहीं. अंगची ऊब तें बाहेर जाऊं देत नाहीं, इतकेंच. कर्बाम्लवायु दुप्पट झाला तर उष्णतामान ५ ते ६ अंशांनीं वाढेल, असा हिशेब १८९६ सालींच स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनीं मांडला होता.

पण कांबळें खरोखर जाड होत आहे काय? कोळशाचा धूर समुद्र पिऊन टाकील, अशी बऱ्याच विद्वानांची समजूत होती. वाद मिटण्यास मोजणी हवी होती, आणि ती मार्च १९५८ मध्यें चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनीं हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर, सुमारें ३,४०० मीटर उंचीवर सुरू केली. गिरण्यांच्या धुराड्यांपासून आणि दाट अरण्यांपासून दूर अशी ती जागा. आरंभींचा आंकडा हवेच्या दहा लक्ष भागांत सुमारें ३१३ भाग असा होता. थोड्याच अवधींत एक मौज दिसून आली. मे महिन्यापर्यंत आंकडा चढे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत उतरे. कारण उत्तर गोलार्धांतील वनस्पति उन्हाळ्यांत पानें फुटलीं कीं हा वायु शोषून घेतात आणि हिवाळ्यांत तो परत सोडतात. परंतु या चढउताराखालीं दरवर्षीं थोडी वाढ शिल्लक राहूं लागली. २०२४ सालची सरासरी ४२४ भागांहून अधिक भरली. नोव्हेंबर २०२२ मध्यें त्या पर्वताचा उद्रेक होऊन वेधशाळेची वाट व वीज तुटली, तेव्हां शेजारच्या मौना केआ पर्वतावर मोजणी चालू ठेवण्यांत आली. वहींतील पानें कोरीं राहूं नयेत म्हणून.

१९५८ पूर्वींची हवा मात्र कोठून आणावी? ती दक्षिण ध्रुवाकडील हिमांत कोंडलेली आहे. तेथें वर्षानुवर्षें पडणारें हिम दबून त्याचें बर्फ होतें आणि त्या त्या काळची हवा बुडबुड्यांच्या रूपानें त्यांत अडकते. तीन हजार मीटरांहून अधिक खोल भोंक पाडून काढलेल्या बर्फाच्या कांड्यांनीं आठ लक्ष वर्षांचा वृत्तान्त सांगितला आहे. तेवढ्या काळांत हा वायु साधारणतः १७० ते ३०० भागांच्या दरम्यान राहिला. वाफेच्या यंत्रांचें युग सुरू होण्यापूर्वीं तो २८० च्या आसपास होता.

ही वाढ आमचीच कशावरून? हवेंतील कर्बांत किरणोत्सर्गी कर्बाचा अल्प अंश असतो, आणि ५,७३० वर्षांत तो निम्मा होतो. कोट्यवधि वर्षें गाडलेल्या कोळशांत व खनिज तेलांत तो मुळींच उरलेला नाहीं. तेव्हां यांचा धूर हवेंत मिसळला तर हा अंश विरळ व्हावयास पाहिजे. आणि १९५५ सालीं हान्स सूस यांना झाडांच्या लांकडांत तसेंच आढळलें. हवेंतील प्राणवायुहि किंचित् घटत आहे, जसा तो जळणानें घटावा.

कोणी म्हणेल, सूर्यच अधिक तापला असेल. तसें असतें तर वातावरणाचे वरचे थरहि तापले असते. कांबळें जाड झालें असेल तर मात्र खालचा थर तापेल आणि वरचा थंड होईल, असें स्युकुरो मानाबे व रिचर्ड वेदरल्ड यांनीं १९६७ सालीं गणितानें सांगितलें. पुढें बलून व उपग्रह यांनीं नेमकें तेंच दाखविलें. साक्षीदार निराळे, त्यांची परस्परांशीं ओळख नाहीं, आणि जबानी मात्र एक. न्यायालयांतहि याहून अधिक काय मागतात?

शास्त्रज्ञांत मतभेद उरला आहे तो मुख्यतः "किती" या प्रश्नावर. ढग तापास आवर घालतील कीं भर, आणि किती, हें गणितांतील अवघड कलम आहे. हा वायु दुप्पट झाल्यास वाढ बहुधा २.५ ते ४ अंशांची होईल, असा २०२१ सालच्या आंतरराष्ट्रीय अहवालाचा अंदाज आहे. १८५० ते १९०० या काळाच्या मानानें २०११ ते २०२० या दशकांत पृथ्वी सुमारें १.१ अंशांनीं अधिक उष्ण होती. ही वाढ ऐकण्यास थोडी वाटते. परंतु दर अंशामागें हवेंत सुमारें ७ टक्के अधिक बाष्प मावतें, आणि तें बाष्प पुढें एकाच झडींत कोसळूं शकतें.

एक गोष्ट विसरून चालणार नाहीं. आपण सोडलेल्या कर्बाम्लवायूपैकीं निम्म्याहून थोडा अधिक समुद्र व वनस्पति घेतात. उरलेल्यापैकीं बराचसा शतकानुशतकें हवेंत राहतो. म्हणजे ही वाढ थांबविण्यास जितका उशीर, तितकें ओझें आपल्या नातवंडांच्या माथीं. मौना लोआवरच्या वहींत त्याचा हिशेब लिहिला जात आहे, आणि तो आपण वाचूं शकतों, इतकें तरी आपल्या पिढीला नाकारतां येणार नाहीं.